बाटली उबेत आणायची असते

आमच्या वरच्या मजल्यावर दोघा भावांचं बिऱ्हाड आहे. बायका दोन, एक थोरली आणि एक धाकटी. सगळी इमारत त्यांना असंच ओळखते. थोरलीबद्दल मला फारसं सांगायचं नाही. तिचं बरं चाललंय. तिला तीन मुलं आहेत, दणदणीत आवाज आहे, आणि जिन्यात चपला कुणी कुठे काढाव्यात यावर ठाम मतं आहेत. मी सांगणार आहे ती धाकटीची गोष्ट. जिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि जिला कुणी काही विचारत नाही, ती बाई.

धाकटी कोळंबी सोलते. बंदराच्या रस्त्यावर जे मोठं शीतगृह आहे तिथे पत्र्याची लांब टेबलं मांडलेली असतात आणि दोन्ही बाजूंना रबरी बूट घातलेल्या बायका उभ्या असतात. डोकं मोडायचं, पाठीवर नखाने चीर द्यायची, काळा दोरा ओढून काढायचा आणि कोळंबी लगेच बर्फात टाकायची. दिवसभर हेच. तिथली सुपरवायझर बाई टेबलांमधून फिरत एकच वाक्य ओरडत असते, "बर्फाबाहेर काही दिसता कामा नये!" हातात जरा जास्त वेळ राहिलेली कोळंबी ती उचलून सगळ्यांसमोर कचऱ्यात भिरकावते. धाकटीची एकही कधी भिरकावली गेली नाही. तिचे हात त्या टेबलावर सगळ्यांत वेगाने चालतात, आणि घरी आल्यावर ते ती पदराखाली लपवते, कारण कितीही साबण लावला तरी वास जात नाही.

तिचा नवरा फरशी बसवतो. उंच, हडकुळा, गुडघ्यांना रबराच्या वाट्या बांधून हिंडणारा माणूस. त्याची शीळ मला माझ्या खिडकीतून ऐकू यायची. जिना चढताना एक सूर, उतरताना दुसरा. सूर दोन्ही बेसूर, पण माणूस आला हे कळायचं.

ही मंडळी दुसऱ्या देशातून आलेली. थोरला भाऊ आधी आला, इथली भाषा शिकला, टेम्पो चालवायला लागला, मग त्याने बाकीच्यांना आणलं, कामं लावून दिली, खोली मिळवली. घरमालकाशी तो बोलतो, शाळेत तो बोलतो, वीज गेली तर तक्रार तो करतो. थोडक्यात, तो त्या घराचं तोंड. धाकटी या थोरल्या दिरासमोर मान वर करत नाही. त्याच्याशी थेट बोलणं त्यांच्यात बसत नाही. पाणी हवं का हे विचारायचं तरी ती जावेला सांगते आणि जाऊ त्याला विचारते, तो दोन हातांवर बसलेला असला तरी.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी धाकटीला मूल होईना. मूल नसलेल्या बाईला लोक काय काय सल्ले देतात ते मी इथे लिहीत नाही, कागद वाया जाईल. शेवटी मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून एक सकाळ गरिबांसाठी फुकट विभाग चालतो तिथे तिचा नंबर लागला. तोही जवळजवळ वर्षभर थांबून. तिथे दुभाषे होते, पण धाकटीच्या भाषेचा नव्हता. खिडकीवरच्या बाईने सांगितलं, "घरचं कुणीतरी घेऊन या, भाषा येणारं."

नवऱ्याला भाषा येत नव्हती आणि सुट्टीही मिळत नव्हती. एक दिवस गेला नाही की त्या जागी दुसरा गुडघ्यांना वाट्या बांधून तयार. मग कोण जाणार? घराचं तोंड.

आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. टेबलापलीकडे तरुण डॉक्टरीणबाई, बाहेर पन्नास बायका ताटकळलेल्या. अलीकडे थोरला दीर, टोपी मांडीवर धरून. शेजारच्या खुर्चीत धाकटी, मान खाली. डॉक्टरीणबाई त्याला विचारणार, पाळी कधी येते, किती दिवस असते, दोघं एकत्र कधी येतात. तो ते तिला विचारणार. आणि ती उत्तर देणार, ज्या माणसाला तिने आजवर पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला! धाकटी मला नंतर म्हणाली, "आजी, मी सगळ्याला 'हो' म्हटलं. मी खालच्या फरश्या बघत होते. एक वाकडी बसवली होती. मनात म्हटलं, यांनी बसवली असती तर सरळ बसली असती."

थोरलाही काही लाकडाचा नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिने डोळ्यांच्या कडेने पाहिल्या होत्या. डॉक्टरीणबाई भराभरा सांगत होत्या. आधी नवऱ्याची तपासणी. ही घ्या बाटली. घरीच भरायची, आणि आणताना अंगाच्या उबेत आणायची, काखेत किंवा आतल्या कपड्यात, छातीशी धरून. तासाभरात पोचली पाहिजे. थोरल्याने हे सगळं ऐकलं. भरायचं ते घरी भावाला सांगता आलं असतं, पण त्याला सुट्टी नाही, न्यायची होती धाकटीने. मग धाकट्या भावाच्या बायकोला आतल्या कपड्यांचं कसं सांगायचं, हा प्रश्न त्याला पडला असणार. त्याने घसा खाकरला, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जपून आणायची. वेळ लावायचा नाही. खराब होता कामा नये."

बस्स. एवढंच.

आणि खराब होऊ द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, हे जगात कुणाला कळत असेल तर ते धाकटीला. आदल्या दिवशी तिने कामावरून थर्माकोलचा छोटा डबा मागून आणला, बर्फ बारीक फोडून भरला.

सकाळी त्या घरात न्हाणीघर एक आणि माणसं सात. मुलं शाळेला निघालेली. नवरा आत, दाराला कडी. मुलं दार बडवताहेत आणि थोरली बाहेरून ओरडते, "आत काय फरशी बसवायला घेतलीय का?" तो बाहेर आला तो कुणाकडेही न पाहता, बाटली बाहीत लपवून. धाकटीने ती दोन पिशव्यांत गुंडाळली, गाठ मारली, बर्फात खोल रोवली, वरून आणखी बर्फ लोटला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसली. धक्का बसला की दोन्ही हातांनी धरायची. दवाखान्याच्या दाराशी बाटली काढून पदराने कोरडी पुसली. खिडकीवरच्या ट्रेमध्ये बाटली ठेवायची आणि घंटा वाजवून निघून जायचं, अशी तिथली पद्धत. तिने ठेवली, वाजवली, आणि थेट कामावर गेली. दिवसभर खूश होती. किती नीट केलं सगळं!

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला सांगितलं की हालचाल काहीच दिसत नाही. पुन्हा तपासायला हवं, पण फुकटातली तपासणी वर्षातून एकदाच होते. तोवर बाईच्या तपासण्या करून घेऊ. थोरल्याने यातून घरी एकच वाक्य आणलं, "मेलेलं आहे सगळं." ते त्याने बायकोला सांगितलं. थोरलीला सांगणं म्हणजे काय ते आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

साइटवरही ते पोचलं. तिथे त्याला 'रिकामी गोणी' म्हणू लागले. "ए रिकाम्या गोणी, माल कालव!" शीळ बंद झाली. मला वाटलं, घसा धरला असेल. मग तो गावाबाहेरच्या एका कामावर गेला, तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागला, सुट्टीच्या दिवशी कपडे न्यायला यायचा आणि जेवून जायचा. बायकोशी फारसं बोलायचा नाही. रागावला होता असं नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला.

धाकटी तिच्या तपासणीसाठी एकटीच गेली. थोरली म्हणाली होती, "आता तुझी कसली तपासणी? दोष कुणाचा ते कळलं की." तिथल्या बाकावर बसली असताना समोर एक बाई आली, धापा टाकत. कोटाची बटणं सोडली, आत हात घातला, आणि पार आतून, छातीला चिकटवून धरलेली तशीच एक बाटली काढली. खिडकीतला माणूस योगायोगाने समोरच होता. त्याने ती ट्रेमध्ये ठेवू दिली नाही, तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि मान डोलावली. छान, ऊबदार आहे, अशी.

याला भाषा लागत नाही. धाकटीला बसल्या जागी कळलं.

तपासणी न करताच ती उठली आणि सरळ माझ्या दारात आली. वर गेलीच नाही. माझी तिची ओळख म्हणजे मी तिला संध्याकाळी थोडं थोडं बोलायला शिकवते तेवढी. त्या मोडक्यातोडक्या भाषेत तिने मला सगळं सांगितलं, उभ्यानेच.

"बर्फात?" मी म्हटलं. "अगं, बर्फात?"

"खराब होऊ नये म्हणून."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण तिचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

"मग सांग की नवऱ्याला! आत्ता जा, फोन कर. रडतेस काय?"

"कसं सांगू? त्यांच्या तोंडाला मी काळं फासलं, आजी. सगळे हसतात त्यांना. आणि ते बिचारे मला म्हणाले, तू माहेरी जा, दुसरं लग्न कर, मी अडवणार नाही."

"असं म्हणाला?"

"हो. आणि मी गप्प बसले. मला वाटलं, खरंच त्यांचंच आहे. मी त्यांची कीव केली, आजी. कीव!" हे ती इतक्या जोरात म्हणाली की माझं मांजर पलंगाखाली गेलं.

तिला वाटत होतं, आधी गुपचूप दुसरी तपासणी ठरवावी आणि मगच घरी तोंड उघडावं. म्हटलं चल. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या बाईने पाहिलं आणि सांगितलं, "वर्ष झालं नाही. नंतर या."

"पहिली तपासणी चुकीच्या पद्धतीने झाली," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"खालच्या मजल्यावरची."

"नातेवाईक लागतो."

"नातेवाईक आणला होता की मागच्या वेळी. त्यानेच तर घोळ घातलाय. बोलवा डॉक्टरांना, नाहीतर मी ही सगळी हकिगत इथे रांगेत उभी राहून मोठ्याने सांगते. माझा आवाज लांब जातो."

डॉक्टरीणबाई आल्या. दमलेल्या होत्या. मी बर्फाचं सांगितल्यावर आधी चिडल्या. "मी स्पष्ट सांगितलं होतं! काखेत किंवा आतल्या कपड्यात. मी नेहमी सांगते."

"कुणाला सांगितलंत?"

"यांच्या मिस्टरांना. टोपीवाले."

"ते मिस्टर नव्हेत. थोरले दीर."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "बाप रे," त्या हळूच म्हणाल्या, "मी त्यांना काय काय विचारलं." धाकटी पुन्हा त्या वाकड्या फरशीकडे बघत होती. खोलीत आम्ही तिघी बायका आणि तिघींचीही मान खाली! अशाने कुणाला मुलं व्हायची?

दुसऱ्या तपासणीची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली. पण बाटली भरायला नवरा लागतो, ते काही परवानगीने होत नाही. म्हणजे सांगणं आलंच. बसमधून उतरताना धाकटी म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही वर याल? नुसतं बसा. काही बोलू नका."

मी काही न बोलणं हे तिला कितपत शक्य वाटलं कोण जाणे. पण गेले.

जेवणं चालली होती. थोरला भिंतीशी, धाकटा दाराजवळ, केव्हाही उठून जाता येईल असा. थोरली वाढत होती. मला एक पाट दिला. त्यांच्या भाषेतले मला चारच शब्द कळतात, पण काय काय बोलणं झालं ते धाकटीने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं, तेव्हा तेच लिहिते.

थोरली धाकट्याच्या ताटात वाढत म्हणाली, "घे, घे. अंगात काहीतरी जाऊ दे."

मुलं खिदळली. धाकटा जेवत राहिला.

धाकटी उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तो तसाच. पण मान वर होती, आणि ती थोरल्या दिराकडे बघत होती. सरळ. थोरलीच्या हातातला डाव थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली. या घरात आल्यापासून तिने त्याला मारलेली ही पहिली हाक. "बाटली मी बर्फात नेली. कोळंबी नेतात तशी. ती अंगाच्या उबेत न्यायची होती. डॉक्टर तुम्हाला बोलल्या होत्या. तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. यांच्यात काही मेलेलं नाही. मी मारलं."

'बर्फ' हा माझ्या चार शब्दांतला एक होता. तो ऐकून मी ताटाकडे बघायला लागले.

सगळ्यात धाकट्या मुलीने विचारलं, "काकांना बर्फात ठेवलं होतं?" तिला थोरलीने चापट मारली, जरा जोरातच.

थोरल्याचा घास हातातच होता. तो त्याने ताटात ठेवला, हात न धुताच उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. तिथून, आमच्याकडे पाठ करून, म्हणाला, "मला तो शब्द काढता येईना तिच्यासमोर. मला वाटलं, एवढं कळेल तिला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तिच्यासमोर कसा काढणार होतो?" परवापर्यंत हा माणूस घरमालकाशी तावातावाने भांडताना मी ऐकला होता.

आणि नवरा? मला वाटलं तो हसेल, किंवा तिला उचलून घेईल, निदान भावाची गचांडी धरील. त्याने यातलं काही केलं नाही. तो बायकोकडे बघत राहिला आणि विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

"आणि आज सांगतेस."

"लाज वाटली."

"मलाही वाटत होती," तो म्हणाला, "कितीतरी महिने. मला तर दुसरं काही वाटायला वेळच नव्हता." ताट तसंच टाकून तो कपड्यांची पिशवी घेऊन निघून गेला. जिन्यात भावाच्या शेजारून गेला. दोघांनी एकमेकांना वाट दिली, अनोळखी माणसं देतात तशी.

धाकटी ताटं उचलायला लागली. मी म्हटलं, "येईल गं." ती म्हणाली, "तुम्ही बोलणार नव्हतात ना?"

तपासणीच्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. तो आला की नाही मला माहीत नव्हतं, कारण शीळ ऐकू आली नव्हती. वरून थोरलीचा आवाज आला, "मुलांनो, चला खाली, आजीकडे जाऊन बसा! सगळे! आत्ताच्या आत्ता!" तिन्ही मुलं दप्तरांसकट माझ्या घरात घुसली. पाठोपाठ थोरला, टोपी हातात घेऊन. आणि शेवटी थोरली स्वतः. "जरा बसतो हं आम्ही," ती म्हणाली, आणि माझ्या जुन्या खुर्चीवर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली, जे तिला वाचता येत नाही. घराचं न्हाणीघर एका माणसासाठी रिकामं करून सगळं कुटुंब माझ्या पलंगावर रांगेत बसलं होतं, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग जिन्यात पावलं वाजली. मी डोकावले. धाकटा उतरत होता. डावा हात अंगाशी घट्ट आवळलेला, काख मिटलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाटली त्याने बायकोला दिली नव्हती, स्वतःच घेतली होती. रस्त्यात समोरच्या दुकानदाराने विचारलं, "काय झालं रे हाताला, मोडला का?"

एवढी भाषा त्याला येत होती. "हो," तो म्हणाला, "मोडला," आणि चालत राहिला. धाकटी मागे पाच-सहा पावलांवर, मान खाली. बसथांब्याशी तो थांबला, ती पोचेपर्यंत. एवढं मला खिडकीतून दिसलं.

तपासणीचं काय आलं ते मी सांगणार नाही. मला माहीत आहे. तुम्हाला कळावंसं वाटत असेल, तर इमारतीतल्या सगळ्यांनाही वाटत होतं. या दोघांच्या पोटाखालच्या गोष्टी आजवर पुरेशा लोकांच्या कानांवर गेल्या आहेत. धाकटीला अजून दवाखान्याच्या खेपा घालायच्या आहेत, एवढं लिहिते. तो शेडमधून परत राहायला आला. शीळ घालत नाही. घराचं तोंड आता दवाखान्यात येत नाही, आणि धाकटीला जिन्यात पाहिलं की टोपी डोळ्यांवर ओढतं.

आता ती एकटी जाते. त्याआधी एक संध्याकाळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, मला ते शब्द शिकवा. सगळे. मला कुणाच्या तोंडून बोलायचं नाही."

मी कॉलेजात शास्त्र शिकलेली बाई. वय सत्तरच्या पुढे. मला कसली आलीय भीडभाड? मी चष्मा लावला, समोर बसले आणि सुरुवात केली. पाळी. गर्भाशय. बीजांड. पुढचा शब्द जिभेवर आला आणि मी उठून खिडकी लावून घेतली.

"खिडकी कशाला लावता?" धाकटी म्हणाली. "कोंडेल. माझ्या हातांना वास येतो."

मी खिडकी उघडली आणि तो शब्द म्हटला. तिने तो माझ्यामागून म्हटला. पहिल्यांदा फरशीकडे बघत, मग माझ्याकडे.